ट्रेडिंगसाठी लॅपटॉप: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

ट्रेडिंगसाठी लॅपटॉप मागितला की विक्रेता बहुतेक वेळा गेमिंगचं मशीन पुढे करतो. त्यातल्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची आपल्याला गरज नसते. चार्टवरच्या कँडल (भावाची चढउतार दाखवणाऱ्या पट्ट्या) आणि इंडिकेटरच्या रेघा प्रोसेसरमधलं इंटिग्रेटेड ग्राफिक्स सहज काढतं. ते पैसे रॅममध्ये घाला.

रॅम १६ जीबी हवीच. ८ जीबीतला मोठा वाटा विंडोजच घेते. वर ब्राउझरमध्ये चार-पाच चार्ट, ऑप्शन चेन (ऑप्शनच्या भावांचा तक्ता), ब्रोकरचं टर्मिनल आणि एक्सेल उघडलं की उरलेली संपते. मग मशीन रॅमचं काम एसएसडीवर, म्हणजे तुलनेने संथ डिस्कवर ढकलतं, आणि बाजार उसळून टिक (भावातले क्षणोक्षणीचे बदल) धो-धो येत असतात नेमकं तेव्हाच ऑर्डरचं बटण दाद देत नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डला सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढत नाही. त्यामुळे मोकळा स्लॉट आहे का, हे घेण्याआधीच विचारा. १६ जीबीच्या एका स्टिकपेक्षा ८ जीबीच्या दोन बऱ्या, कारण इंटिग्रेटेड ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि ड्युअल चॅनेलमुळे (दोन्ही स्टिक एकाच वेळी चालल्यामुळे) त्याला वेग मिळतो.

प्रोसेसरच्या नावावर भुलू नका. इंटेलचा आय७-७५००यू दोन कोअरचा आहे, तर त्याच्या पुढच्या पिढीतला आय५-८२५०यू चार कोअरचा. रायझन ५ ७५२०यू नावाने नवा वाटतो, पण आत जुनी झेन २ रचना आहे. ७५३०यूमध्ये झेन ३ आहे. चार्टिंगचा बराचसा भार एकेका कोअरवर पडतो, त्यामुळे डझनभर कोअर असून फारसा उपयोग नाही. बॅकटेस्टिंग, म्हणजे जुन्या भावांवर आपली पद्धत तपासून पाहणं, करणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं. मेटाट्रेडर ५ या ट्रेडिंग सॉफ्टवेअरचा स्ट्रॅटेजी टेस्टर ऑप्टिमायझेशनला सगळे कोअर कामाला लावतो.

बजेट कमी असेल तर सेलेरॉन हा हलका प्रोसेसर असलेल्या स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपपेक्षा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून पुन्हा विकला जाणारा) बिझनेस लॅपटॉप घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. थिंकपॅड टी सिरीज, लॅटिट्यूड, एलिटबुक यांचे कीबोर्ड आणि बिजागऱ्या दणकट असतात, सुटे भागही मिळतात. इंटेल आठव्या पिढीच्या आधीचा मात्र घेऊ नका. विंडोज ११ त्याआधीच्या पिढ्यांवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या मशीनवरून पैशांचे व्यवहार होतात, ते सुरक्षा अपडेटविना चालवू नये. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड नाही ना, विंडोज नव्याने टाकताना जुन्या कंपनीचं लॉगिन मागत नाही ना, हे बघा. विंडोज काढून देते त्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. सध्याची मूळच्या निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

स्क्रीन १९२० बाय १०८० आयपीएस (बाजूने पाहिलं तरी नीट दिसणारी) हवी. १९२० बाय १२०० मिळाली तर चार्टला आणखी १२० ओळी मिळतात. दोन मॉनिटर जोडायचे असतील तर टाइप-सी पोर्टमधून डिस्प्ले बाहेर जातो का, ते तपासा. काही पोर्ट फक्त डेटा आणि चार्जिंगपुरते असतात. एम१ आणि एम२ची साधी मॅकबुक थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालवते. एचडीएमआय १.४वर ४के फक्त ३० हर्ट्झने दिसतं, माउस हलवला तरी अडखळतो.

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस, पण वीज गेली की राउटर बंद पडतो. त्याला छोटा डीसी यूपीएस लावा आणि मोबाइलचं हॉटस्पॉट आधीच जोडून बघा. वाय-फायपेक्षा लॅन केबल भरवशाची. पोर्ट नसेल तर यूएसबी अ‍ॅडॉप्टर चालतो. चार्जर कायम जोडलेला राहणार असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवा, नाहीतर सतत पूर्ण भरलेली आणि गरम बॅटरी लवकर दगा देते, कधी फुगतेही. विंडोज अपडेटचे अ‍ॅक्टिव्ह अवर्स, म्हणजे आपोआप रीस्टार्ट न होण्याची वेळ, बाजाराच्या वेळेला धरून लावा.

परत करण्याची मुदत आहे तोवर बाजारातल्या सर्वात गर्दीच्या तासाला नेहमीचा सगळा पसारा उघडून टास्क मॅनेजर बघत राहा. मेमरी ८५ टक्क्यांवर चिकटली, तर रॅम वाढवा. चार्जर जोडलेला असून आणि भार असूनही प्रोसेसरचा वेग बेस स्पीडच्या (तिथेच दिसणाऱ्या मूळ वेगाच्या) खाली घसरला, तर मशीन तापतंय. रिफर्बिश्ड असेल तर पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून मागा. नवं असेल तर सरळ परत करा.