दुहेरीची क्रमवारी आणि तिच्यात न मावलेला काळ

टेनिसमधील पुरुष दुहेरीची पहिली संगणकीय जागतिक क्रमवारी 1 मार्च 1976 रोजी प्रसिद्ध झाली. एकेरीची क्रमवारी त्याआधी अडीच वर्षे, म्हणजे 23 ऑगस्ट 1973 पासूनच निघत होती, यावरून दोन प्रकारांना त्या वेळी दिल्या जाणाऱ्या महत्त्वाचा अंदाज येतो. दुहेरीच्या पहिल्या यादीत अग्रस्थानी असलेला बॉब हेविट हा फ्र्यू मॅकमिलनच्या साथीने विम्बल्डन जिंकलेला दक्षिण आफ्रिकेचा खेळाडू. (पुढे 2015 मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली आणि टेनिसच्या हॉल ऑफ फेमने त्याला काढून टाकले, त्यामुळे या यादीचे पहिलेच नाव आज कोणी अभिमानाने घेत नाही.) तेव्हापासून आजपर्यंत अव्वल ठरलेल्या खेळाडूंची नावे मी अधूनमधून ओळीने वाचतो. कोण किती आठवडे वर होता हे पाहणे हा त्यातला एक भाग झाला. पण या नावांच्या क्रमात दुहेरीचा लौकिक कसकसा उतरत गेला त्याचाही माग लागतो, आणि मला त्याचेच कुतूहल अधिक आहे.

आधी 1976 पूर्वीचे बोलले पाहिजे, कारण दुहेरीचा सर्वांत मानाचा काळ या यादीत आलेलाच नाही. फ्रँक सेजमन आणि केन मॅकग्रेगर या ऑस्ट्रेलियन जोडीने 1951 मध्ये एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम दुहेरी स्पर्धा जिंकल्या. पुरुष दुहेरीत त्यानंतर कोणत्याही जोडीला एका कॅलेंडर वर्षात हे जमलेले नाही. रॉय इमर्सनने 1960 ते 1965 अशी सलग सहा वर्षे फ्रेंच दुहेरीचे विजेतेपद मिळवले, आणि या सहा वर्षांत त्याचे जोडीदार होते पाच वेगवेगळे. जॉन न्यूकम आणि टोनी रोश यांनी मिळून 12 ग्रँड स्लॅम विजेतेपदे जिंकली, त्यांपैकी पाच विम्बल्डनची. यांपैकी एकाच्याही नावापुढे दुहेरीतील अग्रस्थानाचा एकही आठवडा लागलेला नाही. त्या काळात पत्रकार वर्षअखेरीस जगातील पहिल्या दहांच्या ज्या याद्या काढत, त्याही प्रामुख्याने एकेरीच्याच असत. दुहेरीतला दर्जा लोकांना खेळ पाहून ठाऊक होता, त्याला आकड्याची गरज भासत नव्हती.

या लौकिकाचा मोठा आधार डेव्हिस कप ही देशादेशांच्या संघांमधली स्पर्धा होती. तीन दिवसांच्या लढतीत पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी दोन-दोन एकेरी सामने, आणि मधला दिवस एकट्या दुहेरीचा. त्या दिवशी तिकीट काढून आलेला प्रेक्षक दुसरे काही पाहायला आलेलाच नसे. बरोबरी 1-1 असेल तर तो सामना लढतीला वळण देई, आणि 2-0 असेल तर पिछाडीवरच्या संघाची ती शेवटची आशा असे. मेलबर्नमध्ये 1966 साली झालेल्या अंतिम लढतीत भारत ऑस्ट्रेलियाकडून 4-1 असा हरला. पण तो एक गुण रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत, खुद्द न्यूकम आणि रोश यांना हरवून मिळवला होता, म्हणूनच ती लढत आजही सांगितली जाते. पुढे 2019 पासून डेव्हिस कपचे स्वरूप बदलले आणि दुहेरीचा तो स्वतंत्र दिवस गेला. दुहेरीच्या दृष्टीने गेल्या काही दशकांतले हे सर्वांत मोठे नुकसान आहे असे माझे मत आहे, जरी त्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नसले तरी.

आता यादीकडे वळू. पहिल्या दहा-बारा वर्षांतली नावे पाहिली तर एकेरीची यादी चुकून हाती आली की काय असे वाटावे. मेक्सिकोचा राऊल रामिरेझ हा 1976 च्या ग्रँड प्रिक्स या वर्षभराच्या स्पर्धामालिकेच्या गुणतक्त्यात एकेरी आणि दुहेरी दोन्हींत पहिला आला होता. त्यानंतर जॉन मॅकेन्रो आला, आणि तो दुहेरीत एकूण 270 आठवडे अव्वल राहिला. स्टीफन एडबर्ग 1986 मध्ये दुहेरीत अव्वल ठरला आणि 1990 मध्ये एकेरीत. दोन्ही क्रमवारींत अग्रस्थान मिळवलेले पुरुष आजवर हे दोघेच, मॅकेन्रो आणि एडबर्ग. त्याच 1986 मध्ये यानिक नोआ आणि आंद्रेस गोमेझ यांनीही दुहेरीचे अग्रस्थान गाठले. त्यांपैकी नोआ 1983 चा फ्रेंच ओपन एकेरी विजेता होता आणि गोमेझ 1990 मध्ये तेच विजेतेपद जिंकणार होता.

मॅकेन्रोवर थोडे थांबायला हवे. पीटर फ्लेमिंगबरोबर त्याने चार विम्बल्डन आणि तीन अमेरिकन ओपन जिंकल्या, आणि वर्षअखेरीच्या मास्टर्स स्पर्धेतले दुहेरीचे विजेतेपद 1978 ते 1984 असे सलग सात वेळा मिळवले. जगातली सर्वोत्तम जोडी म्हणजे मॅकेन्रो आणि दुसरा कोणीही, असे खुद्द फ्लेमिंगच म्हणत असे. त्यात विनोद आहे आणि फ्लेमिंगवर थोडा अन्यायही आहे. पण मॅकेन्रोसाठी दुहेरी हाच सराव होता, आणि यातच त्या काळाचे मर्म आहे. सर्व्हिस करून नेटकडे धावणे, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), कोन साधून दिलेला हलका फटका हे सारे त्याच्या एकेरीतही लागत असे, त्यामुळे दुहेरी खेळण्यात घालवलेला तास वाया जात नव्हता. शिवाय बक्षिसाच्या रकमा तेव्हा आजच्या मानाने माफक होत्या, आणि दुहेरीची मिळकत एकेरीतल्या नामांकित खेळाडूंनाही नकोशी नव्हती.

ही दोन्ही कारणे नव्वदच्या दशकात ढासळली. एकेरीतल्या रकमा इतक्या वाढल्या की दुहेरीसाठी दमून जाणे परवडेनासे झाले, आणि खेळ नेटपासून बेसलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या मागच्या रेषेकडे, सरकल्यामुळे दुहेरीतला सराव एकेरीत पूर्वीइतका उपयोगी पडेना. येवगेनी काफेल्निकोव्हने 1996 मध्ये फ्रेंच ओपनची एकेरी आणि दुहेरी दोन्ही विजेतेपदे जिंकली, तसे एकाच ग्रँड स्लॅममध्ये त्यानंतर कोणाही पुरुषाला करता आलेले नाही. संघटकांनीही हातभार लावलाच. वर्षअखेरीची दुहेरी स्पर्धा 1986 मध्ये एकेरीपासून वेगळी काढण्यात आली आणि पुढे ती लंडन, जोहान्सबर्ग, जकार्ता, हार्टफर्ड, बंगळूर अशी फिरत राहिली; 2003 मध्ये ती पुन्हा एकेरीच्या शेजारी आली. दुहेरी स्वतःच्या बळावर गर्दी खेचेल असा त्यामागचा हिशेब असावा, पण घडले असे की एकेरीसाठी आलेल्या प्रेक्षकाची नजर दुहेरीवर पडायची तीही सोय राहिली नाही.

मात्र याच काळात दुहेरीचा खेळ म्हणून दर्जा घसरला असे म्हणणे चूक ठरेल. टॉड वुडब्रिज आणि मार्क वुडफर्ड यांनी 1993 ते 1997 असे सलग पाच वेळा विम्बल्डन जिंकले, 1996 मध्ये अटलांटाचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, आणि जोडी म्हणून 61 विजेतेपदांपर्यंत मजल मारली. महेश भूपती आणि लिअँडर पेस यांनी 1999 मध्ये चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेऱ्या गाठल्या, त्यांपैकी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकल्या, आणि दोघेही त्या वर्षी क्रमवारीत अव्वल झाले. पण यांच्यापासून यादीचा स्वभावच बदलला. आता वर येणारी माणसे दुहेरी हाच व्यवसाय मानणारी होती.

बदललेला हा स्वभाव 2005 मध्ये उघड वादाला कारण झाला. एकेरीतल्या तारांकितांना दुहेरीत परत आणण्यासाठी व्यावसायिक टेनिसच्या संघटनेने जे बदल आणायचे ठरवले, त्यांत केवळ दुहेरी खेळणाऱ्यांचा प्रवेशच धोक्यात येत होता, आणि खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली. तडजोडीनंतर 2006 पासून दौऱ्यावरच्या दुहेरीत ड्यूसनंतरचा अॅडव्हांटेज गेला (40-40 झाल्यावर पुढच्या एकाच गुणावर गेम ठरू लागला) आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक आला. मला हे बदल आवडत नाहीत. मॅकेन्रो आणि मिखाएल स्टिश यांनी 1992 च्या विम्बल्डन अंतिम सामन्याचा पाचवा सेट 19-17 असा जिंकला होता, तसले काही या पद्धतीत संभवतच नाही. पण माझ्या नावडीला एक चोख उत्तरही आहे. नवे नियम लागू झाले त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅन होजे येथे 47 वर्षांच्या मॅकेन्रोने योनास ब्योर्कमनबरोबर विजेतेपद मिळवले, तेही अंतिम सामन्यातल्या अशाच दहा गुणांच्या टायब्रेकवर.

आकड्यांच्या दृष्टीने यादीवर राज्य आहे ते बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्या भावांचे: जोडीने 119 विजेतेपदे, त्यांत 16 ग्रँड स्लॅम. मात्र अग्रस्थानाचे आठवडे माइकचे 506 आणि बॉबचे 439. दुहेरीची क्रमवारी जोडीची नसून व्यक्तीची असते, म्हणून हे घडले. बॉब 2018 मध्ये कमरेच्या सांध्याच्या दुखापतीने बाहेर पडला, माइकने जॅक सॉकला सोबत घेऊन विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकली, आणि दोघांमधल्या फरकाचा मोठा भाग त्यानंतरच्या वर्षभरातला आहे. आयुष्यभर एकत्र खेळलेल्या दोन भावांमध्ये 67 आठवड्यांचे अंतर दाखवणारी ही यादी हिशेबाने बिनचूक आहे, पण खेळ पाहिलेल्या कोणालाही ते अंतर खरे वाटणार नाही. वेगवेगळ्या काळांची तुलना तर त्याहून निसरडी आहे, कारण मूळची पद्धत सरासरीवर चालत असे आणि 1990 पासून सर्वोत्तम निकालांची बेरीज धरली जाऊ लागली.

रोहन बोपण्णा जानेवारी 2024 मध्ये मॅथ्यू एब्डनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून वयाच्या 43 व्या वर्षी प्रथमच अव्वल झाला, तेव्हा दुहेरी सोपी झाल्याची टीका काहींनी केली. मला ती पटत नाही. परतीच्या फटक्याची अचूकता आणि नेटवरची समज वयाबरोबर पिकते, पाय मात्र थकतात, आणि दुहेरीत अर्धेच मैदान राखायचे असते. एवढे ध्यानात घेतले की त्या वयाचे कोडे बरेचसे सुटते. लौकिक मात्र पैशातही दिसत नाही. त्याच वर्षी विम्बल्डनच्या एकेरी विजेत्याला 27 लाख पौंड मिळाले, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघांत मिळून साडेसहा लाख.

तरीही दुहेरीसाठी स्टेडियम भरते, हे 2022 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दिसले. निक किरियॉस आणि थानासी कोकिनाकिस यांच्या सामन्यांना लोटलेली गर्दी आणि तिचा आरडाओरडा हा त्या पंधरवड्यातला मोठा विषय होता, आणि अंतिम सामन्यात त्यांनी एब्डन व मॅक्स पर्सेल यांना हरवून विजेतेपदही जिंकले. दुसऱ्या फेरीत त्यांनी अग्रमानांकित निकोला मेक्टिच आणि माटे पाविच यांना बाहेर काढले होते. क्रमवारीच्या बळावर त्यांना त्या स्पर्धेत जागा मिळालेलीच नव्हती. ते वाइल्ड कार्डवर, म्हणजे संयोजकांच्या खास निमंत्रणावर, खेळत होते.