तिथीची पाऊणपट

ऐरोलीत राहणाऱ्या माणसाने भिंतीवर कॅलेंडर लावावं आणि त्यातली तिथी वाचायची सवय ठेवावी. उपासतापासासाठी नव्हे, ठाण्याच्या खाडीवर फिरायला जाण्यासाठी.

एरवी नवी मुंबईत फिरायला जायचं तर प्रश्न फक्त पार्किंगचा असतो. बाग बागेच्या जागी असते, जॉगिंग ट्रॅक ट्रॅकच्या जागी. पाम बीच रोडला लागून 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेच्या तळ्याभोवती कधीही जा, फेरी तेवढीच भरते. खाडीचं तसं नाही. सकाळी जिथे नजर पोचेल तिथवर चिखल पसरलेला असतो, तिथेच दुपारी ऐरोलीच्या पुलाखालून पाणी फुगत चाललेलं दिसतं. पाहुण्यांना फ्लेमिंगो दाखवायला हौसेने न्यावं आणि समोर नुसतं मातकट पाणी असावं, हे इथे नेहमीचं आहे. पाहुणे मग आपल्याकडे बघतात. बिल्डरच्या जाहिरातीतला सी-व्ह्यू दाखवणाऱ्या एजंटाकडे बघावं, तसे.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. पंधरवडा बदलला की पुन्हा एकपासून. भरती दिवसा एकदा, रात्री एकदा, आणि मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज पाऊण-एक तास उशीर. आमची लोकल एवढा उशीर करते तेव्हा आम्ही स्टेशन डोक्यावर घेतो. खाडीला कुणी काही बोलत नाही. मुंबईच्या किनाऱ्यापासून आत ऐरोलीपर्यंत पाणी पोचायला थोडा आणखी वेळ लागतो, तो वरून धरायचा. मोबाइलमध्ये भरतीचं अ‍ॅप असतं हे मला माहीत आहे. पण पाऊणकी पाठ असलेली आमच्याकडची शेवटची पिढी अजून सोसायटीच्या कट्ट्यावर बसते, तोवर अ‍ॅपचं काही अडलेलं नाही.

ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. या बोटीची वेळ माणसाच्या सोयीने ठरत नाही. पूर्ण ओहोटीत बोटीला पाणी नसतं. पूर्ण भरतीत चिखल बुडतो, मग पक्ष्यांना उभं राहायला जागा नसते. ते नेरुळकडच्या तळ्यांवर जाऊन बसतात. दोन्हींच्या मधला जो वेळ, तो आपला. तो रविवारी सकाळी नऊला आला तर नशीब, आणि मंगळवारी दुपारी दोनला आला तर ऑफिसात काय सांगायचं ते आपलं आपण बघायचं. एकदा धक्क्यावर दिवागावातले एक म्हातारे कोळी जाळं निवडत बसले होते. मी विचारलं, "नाना, आज पाणी चढेल का?" त्यांनी मान वर न करता उलट विचारलं, "तिथ कंची?" सप्तमी म्हटल्यावर म्हणाले, "मंग भांग हाय. आज उद्या असाच." भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. तेवढ्यात सगळा हवामान अंदाज आटोपला.

ही खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. नवी मुंबईने तर 'फ्लेमिंगो सिटी' असं नावच लावून घेतलं आणि रस्त्याकडेला गुलाबी पुतळे उभे केले. पुतळ्यांचं एक बरं असतं, ते बारा महिने गुलाबी. खरे रोहित पक्षी हिवाळ्यात येतात, पावसाळ्याच्या तोंडावर जातात, आणि त्यांतली कोवळी पिल्लं चक्क राखाडी असतात. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. पिल्लू दाखवलं की पाहुणे म्हणतात, "हा बगळा ना?"

मला विचाराल तर बोट चुकली तरी बिघडत नाही. केंद्राच्या मागे कांदळवनातून लाकडी वाट गेली आहे, तिथे ओहोटीला कठड्याला टेकून खाली बघावं. तिवराची श्वसनमुळं पेन्सिली खोचल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारतात. मासाच, पण पाण्याबाहेर चिखलात राजरोस फिरणारा. डोळे डोक्याच्या वर बसवलेले, आणि कल्ल्यांजवळचे पर टेकून तो असा पुढे सरकतो की लहान मुलं त्याला बेडूकच म्हणतात. शेजारी बोटाच्या पेराएवढे खेकडे. नराची एक नांगी त्याच्या अंगाला न शोभेल इतकी मोठी; ती वर करून तो खाली आणतो, पुन्हा वर करतो. मादीला बोलावणं, दुसऱ्या नराला दम देणं, सगळं त्या एकाच हातवाऱ्यात. आपली सावली पडली की सगळे बिळात. मिनिटभर हललं नाही तर एकेक करून परत बाहेर. तिवराचं पान हाताशी आलं तर जिभेला लावून पाहावं, खारट लागतं. झाड मुळांतून आलेलं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. (पान तोडू नये. वाकून चाटावं. कुणी बघत असेल तर बघू दे.)

पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे एकदोन दिवस यासाठी उत्तम. तेव्हा उधाण असतं, म्हणजे भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि ती सकाळी सातच्या सुमारास पडते. उन्हाआधी चिखल सर्वांत लांबवर उघडा.

येत्या रविवारी मात्र अष्टमी आहे. भांगाचं पाणी, त्यात ओहोटी बरोबर भर दुपारी बाराला. हे सगळं मी लेकीला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मग मॉलला जाऊ या. तिथे एसी आहे आणि तिथी लागत नाही."