गेम लावला की पीसी बंद पडायचा

दिवाळीत धाकटा भाऊ पुण्याहून आला तेव्हा बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेलं ग्राफिक्स कार्ड काढून त्याने माझ्या हातात ठेवलं. जीटीएक्स १६६० सुपर. स्वतःसाठी त्याने नवं घेतलं होतं आणि दोन वर्षं जपून वापरलेलं हे माझ्यासाठी आणलं होतं. "एसएमपीएस किती वॉटचा आहे ताई?" त्याने विचारलं. एसएमपीएस म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. मी त्याच्या खोक्यावर वाचून सांगितलं, ४५०. त्या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची शिफारसही ४५० वॉटचीच, त्यामुळे प्रश्न मिटला. माझ्या एसएमपीएसला आठ पिनांची केबल नव्हती, म्हणून दुसऱ्या केबलीवरून आठ पिना करून देणारा दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर आणला आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून कार्ड बसवलं.

रविवारी रात्री आम्ही दोघं ऑनलाइन खेळतो, मी जळगावात आणि तो पुण्यात. फोन स्पीकरवर ठेवायचा, गेममधली गाडी चालवता चालवता आठवड्याचं सगळं बोलून घ्यायचं. एरवी त्याच्या शिफ्ट आणि माझी बँक यात बोलणं होतच नाही. हिवाळाभर जीटीए पाच छान चाललं. एप्रिलमध्ये फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांच्या शर्यतीचा नवा गेम घेतला, आणि पहिल्याच रविवारी दहाव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली, पंखे थांबले आणि दोन सेकंदांनी पीसी आपोआप पुन्हा सुरू झाला. फोनवर तो विचारत होता, "ताई, कुठे गेलीस?" मी म्हणाले, "लाइट गेली."

खोटं बोलले, कारण पहिला विचार हाच आला की कार्ड बिघडलंय, आणि ते त्याला सांगायला जीभ रेटेना.

पीसी क्रॅश होतो असं म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसतो ती एक, निळी स्क्रीन येऊन त्यावर एरर कोड उमटतो ती दुसरी, आणि कुणी प्लग ओढावा तसा पीसी एकदम जातो ती तिसरी. पहिल्या दोन्हींत संशय आधी ड्रायव्हर, रॅम आणि सॉफ्टवेअरवर घ्यायचा. तिसरीत वीज किंवा उष्णता. माझं तिसरं होतं, पण हा फरक तेव्हा मला माहीत नव्हता. विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर दर वेळी लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद. नावात पॉवर असली तरी ती एवढंच सांगते की पीसी नीट शट डाउन न होता बंद पडला. तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनवर येतो तोच) शून्य होता, म्हणजे विंडोजला एरर लिहून ठेवायलाही सवड मिळाली नव्हती.

दुकानात नेला. तिथे विंडोज करप्ट आहे म्हणून फॉरमॅट मारून दिला, पाचशे रुपये घेतले. घरी येऊन गेम लावला, बाराव्या मिनिटाला तेच. पुन्हा नेला तर म्हणाले, कार्ड गेलंय, क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस पिळलेलं असणार, विकून टाका. भावाने ते कार्ड किती जपलं होतं हे मला माहीत होतं. फार लागलं ते बोलणं. त्या दिवशी ठरवलं की आता स्वतः बघायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची.

एप्रिलमधलं जळगाव म्हणजे बाहेर ४३-४४ अंश, त्यामुळे आधी उष्णतेचाच नंबर लागला. ब्लोअरने धूळ काढली, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदलली, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबल फॅन लावला. तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बंद पडायच्या आधीचे आकडे टिपले: प्रोसेसर ६८ अंश, कार्ड ७४. दोघांनाही हे सहज झेपतं. शिवाय पहाटे साडेपाचला, घर गार असताना खेळून पाहिलं तरी पंचविसाव्या मिनिटाला गेलाच. रॅम तपासायला पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं, चार फेऱ्या, एकही चूक नाही. सेफ मोडमध्ये जाऊन कार्डाचा ड्रायव्हर मुळापासून काढून नव्याने टाकला. फरक शून्य.

मग माझं जुनं कार्ड, १०५० टीआय, लावलं. दोन तास तोच गेम, ग्राफिक्स कमी ठेवून, पण एकदाही बंद पडला नाही. वहीत मी लिहिलं, "कार्डच." लिहिताना हात जड झाला होता.

तरी एक गोष्ट करायची राहिली होती. १६६० सुपर परत बसवून आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ६५ टक्क्यांवर आणलं, म्हणजे कार्डला वीज कमी ओढायला लावलं. आणि गेम चालला. तासभर, दीड तास, मे महिन्याच्या दुपारीसुद्धा. बिघडलेलं कार्ड असं सहसा वागत नाही. पुरेसं खायला न मिळणारं कार्ड असं वागतं. संशय आता कार्डावरून त्याला वीज देणाऱ्याकडे गेला.

शेजारचे वायरमन काका त्याच आठवड्यात आमच्याकडे आले, खरं तर वेगळ्याच कामाला. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. काकांनी सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगला टेस्ट लॅम्प लावून पाहिला, पेटलाच नाही. सॉकेट उघडलं तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून येणाऱ्या बारीक करंटला जायला वाट नसली की तो कॅबिनेटच्या पत्र्यावर राहतो, आणि आपल्या अंगातून वाट शोधतो. ते काम त्यांनी नीट करून दिलं. ६०० व्हीएचा यूपीएसही बाजूला काढून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. क्रॅश मात्र थांबला नाही.

"मग आतली वीज बघू या की," काका म्हणाले आणि त्यांनी मल्टिमीटर काढला. एसएमपीएसची एक चार पिनांची केबल मोकळी लोंबत होती. तिच्यातली पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, काळ्या दोन ग्राउंडच्या. काकांनी एक टोक पिवळीच्या पिनला आणि दुसरं काळीच्या पिनला टेकवून हात स्थिर धरला. डेस्कटॉपवर आकडा ११.८७. मी पॉवर लिमिट परत शंभरवर नेलं आणि गेम लावला. लोडिंग होताना ११.७२. शर्यत सुरू झाली, ११.५. गर्दीच्या वळणावर, पावसात, दहा-बारा गाड्या एकदम स्क्रीनवर आल्या आणि काकांनी वाचायला सुरुवात केली, "अकरा चाळीस... अकरा तेहतीस... अकरा अठ्ठावीस..." आणि अंधार. खोलीत फक्त मल्टिमीटरची पट्टी उजळलेली, तिच्यावरचा आकडा शून्याकडे चाललेला. एटीएक्स या पीसीच्या एसएमपीएससाठीच्या मानकाच्या नियमानुसार १२ व्होल्टची लाइन पाच टक्क्यांपेक्षा जास्त घसरता कामा नये, म्हणजे ११.४ च्या खाली नाही. तीन आठवडे जे शोधत होते ते काकांच्या हातात होतं.

प्लग काढून कॅबिनेट आडवं केलं. कन्व्हर्टरचा पांढरा कनेक्टर ओढला तर सहज सुटेना. सुटला तेव्हा पिवळ्या वायरच्या पिनभोवतीचं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, एका कडेला किंचित वितळलेलं. जळकट वास अजून होता. मग टॉर्च धरून एसएमपीएसच्या बाजूचं लेबल पहिल्यांदा पूर्ण वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनवर दाखवून बेरीज मोठी केलेली, आणि आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. माझा आय५ ९४००एफ ६५ वॉटचा, कार्ड १२५ वॉटचं, इथेच १९० झाले. मदरबोर्ड, पंखे, हार्ड डिस्क अजून मोजायचेच होते. शिवाय कार्ड क्षणार्धात सरासरीच्या बरंच वर उसळी घेतं. जुनं १०५० टीआय ७५ वॉटचं आणि सगळी वीज स्लॉटमधूनच घेणारं, म्हणून ते तगलं. उष्णतेवरचा माझा पहिला संशयही पूर्ण चुकीचा नव्हता, कारण तापलेला स्वस्त एसएमपीएस आणखी कमी वीज देतो. पहाटे पंचवीस मिनिटं आणि एरवी दहा-बारा, हा फरक तिथून आला.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून त्याचा ५५० वॉटचा एसएमपीएस एका संध्याकाळपुरता मागून आणला, त्याच्याच सगळ्या केबलींसकट. हे महत्त्वाचं आहे: सुट्या केबली एका एसएमपीएसच्या दुसऱ्याला लावायच्या नाहीत, प्लग बसला तरी आतला वायरींचा क्रम वेगळा असू शकतो आणि पीसी जळतो. त्याच्या लेबलावर १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट. तीन तास खेळले. पॉवर लिमिट शंभर, ग्राफिक्स सगळे वर. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चार हजारांच्या आसपास ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला नवा आणला, आठ पिनांची केबल थेट एसएमपीएसमधून येणारा. जुना उघडून बघायची फार इच्छा होती, पण काकांनी हात धरला. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. तो तसाच ई-कचऱ्यात दिला.

त्या रविवारी शर्यत संपेपर्यंत मी गप्प होते. मग भावाला सगळं सांगितलं: दुकानातले काय म्हणाले, कार्ड विकायच्या किती जवळ आले होते, तपकिरी कनेक्टरचा फोटोही पाठवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

"म्हणजे लाइट गेली नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"मी दर वेळी महावितरणच्या साइटवर जळगावचं बघायचो ताई. एकदाही काही दिसलं नाही." थोडं थांबून म्हणाला, "मला वाटलं तुला खेळायचा कंटाळा आलाय."

त्यानंतर आम्ही अडीच वाजेपर्यंत खेळलो.