मुंबईच्या दगडातले प्राणी

सीएसएमटीच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्टेशनच्या मुख्य फाटकाच्या दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलेले आहेत. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. रोज लाखो माणसं त्यांच्या शेजारून धावत जातात आणि बहुतेकांना ते तिथे आहेत हेही माहीत नसतं. माझं मत विचाराल तर फारसं बिघडत नाही, कारण अख्ख्या इमारतीतले सर्वांत कंटाळवाणे प्राणी हेच दोघे. साहेबांनी बोलावलंय म्हणून कसंबसं फोटोला बसावं, तसे ताठ बसलेत. सातवीतली भाची बरोबर होती. तिने दोघांकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, ह्यांना काही कामच नाहीये."

खरे प्राणी आत आहेत, वर आहेत, पानांच्या आड आहेत. ते शोधायलाच पुण्याहून सकाळच्या गाडीने आलो होतो. रविवार मुद्दाम निवडला. फोर्टात त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघता येतं, कुणी ढकलत नाही.

ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. फाटकावरचे सिंह-वाघ घडवले थॉमस अर्प या इंग्लिश शिल्पकाराने. पण भिंतींवरचं, कमानींवरचं, खांबांच्या माथ्यावरचं बारीक कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आपल्या जे. जे.मधल्या विद्यार्थ्यांनी केलं, तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली. आता ही जोडी लक्षात ठेवा: ग्रिफिथ्स आणि जे. जे.ची मुलं. कारण १८७२पासून १८८५पर्यंत हेच ग्रिफिथ्स जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते आणि लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती काढत होते. त्यातल्या पुष्कळ प्रती पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या. पण काढणाऱ्यांची बोटं मुंबईतच होती. ज्या वर्षांत अजिंठ्याचं काम चालू होतं, त्याच वर्षांत स्टेशनचं चालू होतं.

अजिंठा ज्यांनी सावकाश पाहिलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. त्याच लेण्यात झुंजणाऱ्या दोन बैलांचं चित्र आहे, माना खाली, खांदे फुगलेले. दुसऱ्या लेण्याच्या छताला हंसांची रांग आहे आणि त्यातला एकही हंस दुसऱ्यासारखा वळलेला नाही. सतराव्यात हत्ती, माकडं, हंस यांच्या जातककथा भिंतभर पसरल्या आहेत. तिथल्या चित्रकाराने प्राणी नुसते पाहिलेले नाहीत, त्यांच्या सवयी पाठ केल्या आहेत. असं काम वर्षानुवर्षं रेषेरेषेने उतरवून काढलं की हाताला काही वळण लागणारच. स्टेशनावर त्याचा नेमका किती अंश उतरला याचा पुरावा माझ्याकडे नाही, हा माझा तर्क आहे. पण मोर बघून या आणि मग भांडा.

मोर कमानींच्या वरच्या अर्धगोलात आहेत, पिसारा पूर्ण उघडलेला. त्या जागेचा आकारच पिसाऱ्याचा आहे, त्यामुळे तो बसवलेला वाटत नाही, तिथेच उमललेला वाटतो. युरोपातल्या गॉथिक चर्चमध्ये या जागी संत आणि देवदूत असतात. इथे मोर आला आणि कुणालाच खटकलं नाही. खांबांच्या माथ्यावरच्या दगडी पानांत माकडं आहेत, पक्षी आहेत, तोंड वेंगाडलेली चित्रविचित्र डोकी आहेत. उपनगरी तिकिटांच्या हॉलमध्ये लोक खिडकीकडे बघत उभे असतात. वर सोनेरी चांदण्यांचं छत आणि खांबांवर हा सगळा पसारा. आम्ही रांगेत नसूनही रांगेत उभ्या राहिलो, म्हणजे कुणी हटकलं नाही.

वरच्या कडांवरून उघड्या जबड्यांचे प्राणी बाहेर झेपावलेले दिसतात, ते गार्गॉइल. छपराचं पाणी भिंतीपासून लांब फेकायचं त्यांचं मूळ काम. भाचीला हे समजावताना गोमुखाची आठवण काढली. "म्हणजे देवळातलंच, फक्त दात जास्त," असं तिने वहीत लिहून टाकलं. वहीतल्या तिच्या वर्गवारीबद्दल मी काही बोलत नाही. ओळखू न आलेले सगळे प्राणी तिने "सरकारी" या नावाखाली घातले होते.

दगडाबद्दल थोडं सांगायला हवं. मुंबईच्या आसपासचा काळा पत्थर भयंकर कठीण. भिंतींना उत्तम, पण पोपटाची चोच काढायला छळणारा. म्हणून नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड जहाजाने यायचा. छिन्नीला तो लोण्यागत, पण खाऱ्या हवेला आणि धुरालाही तसाच. पावसाळ्यांनी कित्येक नाकं आणि शेपट्या खाल्ल्या आहेत. काही चेहरे इतके झिजलेत की माकड की माणूस, हे ज्याने त्याने ठरवावं.

स्टेशनाकडून बाजारगेटच्या गल्ल्यांत शिरलं की पेरीन नरिमन स्ट्रीटवर माणेकजी सेठ अग्यारी लागते. मूळची १७३३ची, आजची इमारत १८९१ची. दाराशी माणसाचं डोकं, बैलाचं शरीर आणि पंख असलेले राखणदार आहेत, लामासू. जन्म असीरियाचा, तिथून इराणात पर्सेपोलिसच्या महाद्वारावर गेले आणि मग पारशी मंडळींबरोबर मुंबईच्या बाजारात येऊन उभे राहिले. आत पारशांखेरीज कुणाला प्रवेश नाही, म्हणून रस्त्याच्या पलीकडून बघायचं. मला हे सीएसएमटीच्या सिंहापेक्षा कितीतरी जास्त रुबाबदार वाटतात. दाढीच्या वळ्याच बघा! बाहेर हातगाडी लावणाऱ्या काकांनी आम्हाला बराच वेळ उभ्या पाहून गाडी स्वतःहून बाजूला घेतली. "फोटो काढा, ताई. रोज कोणीतरी येतंच."

काळा घोडा मात्र फसवा. ज्या घोड्यावरून नाव पडलं तो तिथे नाहीच. राजपुत्र असताना एडवर्ड सातवा मुंबईत येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा अश्वारूढ पुतळा दिला. १८७९मध्ये तो बसवला. लोकांनी स्वार सोडून घोडा तेवढा लक्षात ठेवला, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. १९६५मध्ये पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, तरी चौकाचं नाव काही हललं नाही. २०१७मध्ये नवा घोडा आला, बिनस्वाराचा. लोक आधीपासून जे बघत होते तेच अखेर घडवलं गेलं.

ओव्हल मैदानाच्या बाजूने विद्यापीठ आणि हायकोर्ट शेजारी शेजारी दिसतात. राजाबाई टॉवरवर माणसांचेच पुतळे आहेत, पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे, तेव्हा आमच्या यादीत तो बसेना. दीक्षान्त सभागृहाच्या मोठ्या गोल रंगीत खिडकीत बारा राशी आहेत. तिथे मेंढा, बैल, खेकडा, सिंह, विंचू, मासे अशी घसघशीत भर पडली. भाचीची रास कन्या. ती नाराज.

हायकोर्टाची इमारत १८७८ची, कर्नल जेम्स फुलर यांची. माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. पण कोर्टाच्या ओळखीचे लोक आत बघायला सांगतात ते वेगळंच: एका खांबावर न्यायाधीश माकड, हातात तराजू, एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसरीकडे वकिलाची गळपट्टी लावलेला कोल्हा. गोष्ट अशी सांगतात की कोरीवकाम करून घेणारा एक पारशी उपकंत्राटदार पैशाच्या दाव्यात हरला आणि त्याने दगडातच अपील केलं. खरीखोटी कशी असेल ती असो. प्रत्येक वकील ती थोडी वेगळी सांगतो आणि अर्थातच छातीठोकपणे. आम्ही गेलो त्या रविवारी दार बंद होतं, आणि एरवीही आत फोटो काढू देत नाहीत. तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी कामाच्या दिवशी, ओळखपत्र घेऊन आणि फोन पिशवीत ठेवून जावं.

इराण्याकडे बनमस्का खाऊन परत उत्तरेला निघालो. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईच्या दारावर शेतकऱ्यांची शिल्पं आहेत, लॉकवुड किपलिंग यांची. हे १८६५मध्ये समोरच्याच जे. जे.मध्ये शिकवायला आले आणि त्याच वर्षअखेर त्यांचा मुलगा, 'जंगल बुक'वाला रुड्यार्ड, तिथल्या आवारात जन्मला. वास्तू शिल्पाने कशी सजवायची हे शिकवणारी परंपरा किपलिंगपासून ग्रिफिथ्सपर्यंत येते, म्हणून सीएसएमटीची मुळं शोधायची तर रस्ता ओलांडून इथे यावं लागतं. बाजारातलं कारंजंही किपलिंग यांच्याच हातचं. त्यावर वर्षानुवर्षं भडक रंगांचे थर चढवले गेले, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

शेवटी लोकलने भायखळा. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बागेत घारापुरीचा हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते या हत्तीमुळे. १८१४मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं, पाठोपाठ धडही ढासळलं. १८६४मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तुकडे झाले आणि ते मुंबईतच राहिले. १९१४मध्ये तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. सांधे आजही दिसतात. डौलदार वगैरे मुळीच नाही, जाडजूड, ठेंगणा. पण दिवसभर जे नक्षीदार बघितलं त्यानंतर हा नुसता भार बघायला बरं वाटतं. पाय जमिनीत रोवलेत ते पटतं.

शेजारी राणीच्या बागेत पेंग्विन बघायला तुफान गर्दी. हत्तीपाशी आम्ही दोघी आणि सावलीत डबा उघडून बसलेलं एक कुटुंब. भाचीने वहीत त्याला स्वतंत्र पान दिलं आणि "सरकारी"तून वगळलं. कुणाला जायचं असेल तर संग्रहालय आणि बाग दोन्ही बुधवारी बंद असतात. दुर्बीण न्या, पक्षी बघायची साधी चालते. आणि सीएसएमटीचे मोर सकाळीच बघा. दुपारनंतर समोरच्या रस्त्यावर बस लागतात आणि अर्धी कमान झाकली जाते.