हिज्कीयाने नक्की काय काय पाडलं?

पवित्र भूमीच्या सहलीला जाणारी आपल्याकडची मंडळी बेथलेहेम, नाझरेथ, गालील करतात, मृत समुद्रात तरंगत फोटो काढून घेतात आणि परततात. मला मात्र दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटाकडे जायचं होतं. एका राजाने बंद पाडलेली देवळं बघायला.

हिज्कीया हा यहूदाचा, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्याचा राजा, इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीचा. त्याने गावोगावची उच्च स्थानं (उंचवट्यावरची पूजास्थळं) काढून टाकली, पूजेचे स्तंभ फोडले; मोशेने केलेल्या पितळी सापाला लोक धूप दाखवू लागले होते, म्हणून तोही मोडला, असं बायबलातल्या '२ राजे' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. इथवर ठीक. पण पाच अध्याय पुढे त्याचा पणतू योशीया पुन्हा तेच काम करताना दिसतो. मधल्या मनश्शेने बापाने पाडलेलं परत बांधलं, हा खुलासा मजकुरातच आहे आणि पटतोही. पंचाईत पुढे आहे. योशीयाने भ्रष्ट केलेल्या ठिकाणांत शलमोन राजाने परदेशी राण्यांच्या देवदेवतांसाठी बांधलेली स्थानंही आहेत. शलमोन म्हणजे योशीयाच्या तीनशे वर्षं आधीचा! मग हिज्कीया काय करत होता?

नेगेवमधल्या बैर-शेबात कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल लोकांची बरीच वस्ती आहे. बसथांब्यावर भेटलेल्या एका मावशींनी माझं मराठी ऐकून चौकशी केली. "तेलवर चाललात? अहो, काय आहे तिथे? नुसते दगड! पाणी तरी घेतलंत का?"

तेल म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. तिथे दगडच होते. दाराशीच चार कोपऱ्यांना शिंगं असलेल्या वेदीची प्रतिकृती आहे; मूळ वेदी यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये. १९७३ साली योहानान अहारोनी यांच्या उत्खननात तिचे चिरे एका कोठाराच्या भिंतीत सापडले. वेदी मोडून चिरे बांधकामाला वापरले होते. एका चिऱ्यावर वळवळता साप कोरलेला आहे. पितळी सापाची गोष्ट डोक्यात घेऊन आलेला माणूस त्यापुढून लवकर हलत नाही.

अरादला वेगळाच प्रकार. किल्ल्याच्या कोपऱ्यात छोटंसं देऊळ, अंगणात न घडवलेल्या दगडांची वेदी (बायबलातल्या निर्गम २० मधल्या नियमाला धरून; बैर-शेबाचे चिरे तर चांगले घडीव आहेत). गाभाऱ्याच्या पायरीशी दोन धूपवेद्या होत्या. त्या फोडल्या नव्हत्या, आडव्या करून मातीखाली नीट पुरल्या होत्या. २०२० मध्ये त्यांच्यावरच्या राळेची तपासणी प्रसिद्ध झाली: मोठीवर ऊद, धाकटीवर चक्क गांजा. लाखीश या यहूदातल्या शहराच्या वेशीतल्या देवळात तर वेदीची शिंगं छाटून वर दगडी शौचकूप बसवलेलं २०१६ साली जाहीर झालं.

एकाच राजाचा हुकूम असेल, तर तो पाळणाऱ्यांनी आपापल्या मनाप्रमाणे पाळला. अरादच्या माणसाला देवाची भीती वाटत होती, लाखीशच्याला नव्हती. हे सगळं हिज्कीयाच्याच काळातलं का, यावर पुरातत्त्वज्ञांचे वाद आहेत. माझा कल 'हो'कडे आहे.

बायबलातल्या 'इतिहास' नावाच्या पुस्तकांनी गुंता वाढवलाय. २ राजेमध्ये योशीयाच्या राज्याच्या १८व्या वर्षी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो आणि मग सुधारणा सुरू होतात. २ इतिहासात त्या १२व्या वर्षीच सुरू झालेल्या असतात, ग्रंथ नंतर मिळतो. दोन्ही वाचून मेळ घालणारे म्हणतात, काम टप्प्याटप्प्याने झालं. असेलही. मला दिसतं ते असं, की दुसऱ्या लेखकाला इतका भला राजा वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत स्वस्थ बसलेला चालत नव्हता. याच लेखकाने हिज्कीयाला चार मोठे अध्याय दिले आणि पितळी साप मात्र गाळला.

शेवटी यरुशलेम. दावीदनगरातून समोर किद्रोनच्या दरीपलीकडे सिल्वान गावाची चढण आणि जैतून डोंगराचं दक्षिणेकडचं टोक दिसतं. शलमोनाची ती स्थानं इथलीच समजतात. अंतर इतकं कमी, की पलीकडच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे मोजता येतात. हिज्कीयाला ती माहीत नव्हती, असं म्हणायची सोयच नाही.

आमच्या वाटाड्याला मी विचारलं, की हिज्कीया आणि योशीया या दोघांबद्दलही २ राजेमध्येच 'आधी आणि नंतर असा राजा झाला नाही' कसं? तो म्हणाला, "एकाची थोरवी भरवशात, दुसऱ्याची पश्चात्तापात." मजकूर तसाच आहे खरा, पण समोरच्या टेकडीचं उत्तर त्यात नाही. माझा तर्क असा: तिथलं एक स्थान सीदोन या शेजारच्या शहर-राज्याच्या अष्टोरेथ देवीचं होतं, आणि हिज्कीया अश्शूर (असीरिया) साम्राज्याविरुद्ध उठला तेव्हा सीदोनचा राजाही उठला होता. अशा वेळी बाहेरच्या देवतेला हात लावण्यापेक्षा बैर-शेबाच्या गरीब वेदीवर घण घालणं सोपं. योशीयाच्या वेळी अश्शूरच खचलं होतं; त्याला अशा दोस्तांची मनं राखायची गरज उरली नव्हती.