वाढत्या मापाचे बूट

खेळाच्या सामानाच्या दुकानात दुपारी तीनच्या सुमाराला फारसं कुणी नसतं. कॉलेजातला एक मुलगा कातळावर चढायचे बूट पायात घालून बाकावर बसलाय. शेजारी उभे असलेले वडील खाली वाकतात आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबतात. तिथे जागाच सापडत नाही. 'अरे, एक नंबर मोठा घे ना!'

हा अंगठा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जूनचा पहिला आठवडा, शाळेचे काळे बूट, पुढे कोंबलेला कापसाचा बोळा. पहिल्या वर्षी बूट ढगळ, दुसऱ्या वर्षी बरोब्बर, तिसऱ्या वर्षी धाकट्याच्या पायात. फ्रॉकच्या खाली चार बोटं दुमडून ठेवलेली, रेनकोट तर पोटरीपर्यंत. वाढतं अंग आहे, असं म्हटलं की दुकानदारही मान डोलवायचा.

चढाईच्या बुटाला मात्र हा हिशोब चालत नाही. दहा मिलिमीटरच्या खाचेवर उभं राहायचं तर बोट आणि रबर यांच्यामध्ये काहीच नको, मोजाही नको. बूट संध्याकाळकडे बघावा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. नखं आधी कापावीत. पाचही बोटं पुढे टेकलेली, सांध्यात किंचित मुडपलेली असावीत, पण एकमेकांवर चढलेली नकोत. टाचेमागे पोकळी राहिली तर टाच अडकवून वजन टाकताना बूट पायातून निसटतो. मग बाकाच्या लाकडी कडेवर नुसत्या अंगठ्याच्या टोकावर उभं राहायचं. पाय आतल्या आत सरकला तर बूट मोठा. आवळलेपण दहा मिनिटं सहन झालं तर ठीक, डोळ्यांत पाणी आलं तर लहान. अस्तर नसलेलं चामडं वापरून अर्ध्या ते एका मापाने सैलावतं, सिंथेटिक जवळजवळ नाहीच. म्हणून चामड्याचा बूट थोडा घट्टच घ्यायचा. इथे वाढतो तो बूट, पाय नव्हे.

केळ्यासारखा खाली वळलेला बूट दिसायला झोकदार असतो. पण तो पुढे झुकलेल्या कातळासाठी. आपल्या बेसाल्टच्या उभ्या भिंतींवर नवशिक्याला सपाट, जरा ताठ तळाचा आणि चार-पाच मिलिमीटर रबराचा बूट पुरतो, आणि तोच सहसा स्वस्तही असतो. नाहीतरी पहिला बूट लवकर मरणारच. नवीन माणूस पाय ठेवत नाही, आपटतो आणि भिंतीला घासत वर नेतो. अंगठ्याखालचं रबर आधी झिजतं. त्याला भोक पडायच्या आत सोल बदलता येतो, पण कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याकडे नव्हे, ते रबरच वेगळं. दुसऱ्याने वापरलेला बूट घ्यायलाही हरकत नाही. घट्टपणाच्या हौसेने दोन नंबर लहान घेऊन पस्तावलेली पुष्कळ मंडळी असतात, त्यांचे बूट जवळजवळ कोरेच मिळतात.

साधे हंटर बूट घालून, ॲक्शनचे बूट घालून, वेळ पडली तर अनवाणी सुळके चढून गेलेली माणसं सह्याद्रीत आहेत. हे सगळं वाचून ती हसणार. हसोत.

पहिले काही महिने बूट आणि चॉक, एवढ्यावर भागतं. २०१६ साली गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेने नवी मुंबईत बोल्डरिंगच्या, म्हणजे दोराशिवाय ठेंगण्या भिंती चढण्याच्या, विश्वचषकाचा टप्पा भरवला, तेव्हा जगभरातून आलेल्या खेळाडूंकडेही चढताना याहून जास्त काही नव्हतं. पडलं की खाली जाड गादी. चॉक म्हणजे हाताचा घाम टिपणारी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड. फळ्यावरचा खडू कुटून चालत नाही, आणि टाल्कम पावडर तर उलट घसरवते. चॉकची पिशवी मात्र विकत घेऊ नये, असा माझा हट्ट आहे. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली वीतभर कापा, तळ शिवा, आत फाटक्या फ्लीसच्या जॅकेटचं अस्तर लावा. खोक्याला बांधून येते ती प्लॅस्टिकची पट्टी तोंडाच्या शिवणीत घातली की तोंड उघडं राहतं, नाहीतर ऐन वेळी हात आत जात नाही. कमरेला परकराची नाडी. खाचांमधला चॉक झाडायला जुना टूथब्रश. ही पिशवी तुटली तर फक्त पांढरा ढग उडतो, म्हणून इथे काटकसरीची सगळी हौस भागवून घ्यावी.

कारण पुढे हार्नेस, म्हणजे दोराला बांधून घ्यायचा कमर-मांड्यांचा पट्टा, येतो, आणि त्याच्यापाशी ही हौस संपते.

हार्नेसच्या आतल्या शिवलेल्या लेबलावर ईएन १२२७७ हा युरोपीय मानकाचा आकडा, सीईची खूण आणि बनवल्याचं साल असायला हवं. न वापरता कपाटात ठेवला तरी दहा वर्षांत तो बाद, बहुतेक उत्पादक असंच सांगतात. त्यामुळे 'काकाचा जुना आहे, एकदाच वापरलाय' याला अर्थ नाही. काकाने तो कुठे ठेवला होता, हे पट्ट्यांकडे बघून कळत नाही. दुकानात नुसता घालून आरशात बघू नका, दोराला लटकून पाच मिनिटं बसा. पट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे आणि ओढला तरी खाली यायला नको.

कॅराबिनर (दोर अडकवायची, गेट उघडझाप होणारी कडी) धातूचा, त्याचं तसं नाही. जुना चालतो, पण दोराने घासून पडलेली खोबण नखाला जाणवली किंवा दाबलेलं गेट आपणहून पूर्ण मिटलं नाही, तर नको. बिलेसाठी, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, एक नासपतीच्या आकाराचा, स्क्रू गेटचा (गेट फिरकीने पक्कं होणारा) घ्यावा. त्याच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात: लांबीच्या दिशेने, आडवा, आणि गेट उघडं असताना. किमान २०, ७ आणि ६ किलोन्यूटन. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार. म्हणजे तोच कॅराबिनर आडवा फिरला की ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. हार्डवेअरच्या दुकानातले, किल्ल्यांना लावायचे, हुबेहूब तसेच दिसतात, रंगाने तर जास्तच देखणे. ऑनलाइन जाहिरातीत '२५ केएन' छापलेलं असतं आणि हातात आल्यावर धातूवर काहीच कोरलेलं नसतं. तो पाण्याच्या बाटलीला लावावा. बिलेसाठी नळीसारखं साधं यंत्र पुरे. इंग्रजी आठच्या आकाराचं फिगर ऑफ एट रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, सोपं वाटतं, पण दोराला पीळ घालून ठेवतं.

हेल्मेट सायकलचं नको. वरून ढासळणारे दगड ही आपल्या डोंगरांची खासियत आहे, आणि डोक्यावर पडणारा दगड झेलायला सायकलचं हेल्मेट बनवलेलंच नसतं.

दोर सगळ्यात शेवटी. तो महाग असतो, आणि दुसरं कारण असं की एकट्याचा दोर काही कामाचा नाही. संस्थेचा असतो, किंवा चौघांनी मिळून घेतात. इथे चूक होते ती नावातच. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर स्वस्तात मिळतो, 'दोर तो दोर' म्हणून घेतला जातो आणि एक दिवस कुणीतरी त्यावर लीड करायला, म्हणजे दोर खालून सोबत नेत सगळ्यांच्या पुढे चढायला, निघतं. स्टॅटिक दोर माणसाच्या वजनाने शंभराला जेमतेम तीन-चार ताणतो. पडल्यावर डायनॅमिक दोर तीसच्या वर ताणून तो झटका पोटात घेतो. स्टॅटिक घेत नाही, मग तो झटका पाठीच्या कण्याला आणि कातळातल्या बोल्टला मिळतो. लेबलावर ईएन ८९२ हवं. साडेनऊ ते दहा मिलिमीटर, साठ मीटर, वजन पावणेचार किलोच्या आसपास.

दोर घरी आला की तो ठेवायचा कुठे, हा अस्सल मराठी घराचा प्रश्न. माळ्यावर. माळ्यावर काय काय असतं? रंगाचे डबे, फिनेल, आणि कोपऱ्यात इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. बॅटरीतलं ॲसिड, नुसती त्याची वाफसुद्धा, नायलॉन आतून कुजवते. बाहेरून डाग नाही, वास नाही, दोर हाताला मऊच लागतो. त्यापेक्षा पलंगाखाली, तांदळाच्या स्वच्छ गोणीत ठेवावा. मळला तर बादलीत कोमट पाणी आणि थोडा साधा साबण, आणि सावलीत वाळवणं. गच्चीवरच्या उन्हात नको.

राहता राहिली एक गोष्ट, ती विकत घ्यायची नाही. हार्नेस बाद झाला की तो कापायचा असतो. कंबरेचा पट्टा, मांड्यांचे पट्टे आणि मधला बिले लूप, प्रत्येक ठिकाणी आरपार. आपल्या घरात चांगल्या दिसणाऱ्या वस्तूवर कात्री चालवायला हात होत नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून तो जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात जातो, नाहीतर भंगारवाल्याकडे. आणि तो खरोखरच कुणाच्या तरी उपयोगी पडतो.