कमांडरचा ‘सी’ कॅपिटल की स्मॉल?

मुंबईहून ह्यूस्टनला, म्हणजे नासाच्या गावी, येणारं अंतराळ मोहिमांवरचं इंग्रजी पत्रक लांबूनच ओळखू येतं. पायलटचा पी कॅपिटल, मिशन स्पेशालिस्टमधले एम आणि एस दोन्ही कॅपिटल, कमांडरचा सी तर विचारूच नका. इथल्या कॉपी एडिटरचं लाल पेन पहिल्यांदा नेमकं त्याच अक्षरांवर पडतं. ‘ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला, ॲक्सिअम-४ मोहिमेचे पायलट’ या ओळीतला पायलट स्मॉल पी घेऊन परत येतो आणि आपल्याकडे लोकांना वाटतं, बघा, आपल्या माणसाला एक पायरी खाली उतरवलं.

राग समजण्यासारखा आहे. मराठीत मान क्रियापदात आणि सर्वनामात असतो. ‘विल्यम्स कमांडर होत्या, त्यांनी सूत्रं घेतली’ म्हटलं की त्या ‘होत्या’ आणि ‘त्यांनी’मध्ये नमस्कार करून झालेला असतो. ‘अंतराळवीर’ तर गळ्यात हार घालूनच येतो, ‘वीर’ शब्दातच बसलाय. इंग्रजीत मात्र राष्ट्राध्यक्षांनाही ‘वॉज’ आणि वॉचमनलाही ‘वॉज’. मग उरलेला मान ठेवायचा कुठे? आपण तो कॅपिटल अक्षरात ठेवतो. सोसायटीच्या नोटिशीत सेक्रेटरीचा एस, ऑफिसच्या मेलमध्ये सरांचा एस, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत चीफ गेस्टचे सी आणि जी. सवयच ती, आणि वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही.

फक्त इथे त्या अक्षराचं काम वेगळं आहे. मान द्यायचा की नाही हे ते सांगत नाही. हा शब्द नावाचा भाग आहे की नाही, एवढंच सांगतं.

नियम छोटा आहे. अधिकृत पद नावाला चिकटून, नावाच्या आधी आलं तर कॅपिटल. स्वल्पविराम देऊन नावामागून आलं, किंवा नावाशिवाय एकटंच आलं, तर स्मॉल. ‘कमांडर सुनीता विल्यम्स’मध्ये सी कॅपिटल, ‘सुनीता विल्यम्स, एक्सपिडिशन ७२ च्या कमांडर’मध्ये स्मॉल. (देवनागरीत हे उदाहरण दाखवताच येत नाही, सांगावं लागतं. आपल्या लिपीत हा प्रश्न उपजलाच नाही याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.) पदाच्या आधी मोहिमेचं किंवा देशाचं नाव लागलं की शिकागो शैलीत (इंग्रजी लेखननियमांच्या ‘शिकागो मॅन्युअल’नुसार) ते पद राहत नाही, वर्णन होतं. म्हणून ‘एक्सपिडिशन ७२ कमांडर सुनीता विल्यम्स’ असं लिहिलं तर एक्सपिडिशनचा ई कॅपिटल, कारण ते मोहिमेचं नाव. कमांडरचा सी स्मॉल.

आणि ‘ॲस्ट्रॉनॉट’? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या लेखननियमांच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे: हे पद नव्हे, त्यामुळे नावाआधी आला तरी ए स्मॉलच. आपल्याला हे सगळ्यात जास्त लागतं.

घोळ होतो तो पायलट, फ्लाइट इंजिनिअर, मिशन स्पेशालिस्ट यांच्यापाशी. ही पदं की कामाची वर्णनं? इथले अनुभवी संपादक एक साधी कसोटी लावतात: या शब्दाने माणसाला हाक मारतात का? ‘डॉक्टर जोशी’ अशी हाक मारतात. ‘मिशन स्पेशालिस्ट चावला, जरा इकडे या’ असं कोणी म्हणत नाही. म्हणून चालू मजकुरात ते स्मॉल, आणि शक्यतो नावाच्या मागे.

आता सुनीता विल्यम्स यांचीच २०२४-२५ ची फेरी घ्या, कारण या एका फेरीत सगळे खड्डे भेटतात. ५ जून २०२४ ला त्या बोइंगच्या स्टारलायनर यानातून निघाल्या तेव्हा पायलट होत्या. कमांडर होते बुच विल्मोर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोचल्यावर मुक्काम लांबला आणि त्या तिथल्या एक्सपिडिशन ७१ च्या फ्लाइट इंजिनिअर गणल्या गेल्या. सप्टेंबरमध्ये ओलेग कोनोनेन्को यांच्याकडून स्थानकाची सूत्रं घेतली तेव्हा कमांडर झाल्या. मार्च २०२५ मध्ये ती ॲलेक्सी ओव्हचिनिन यांच्याकडे दिली आणि १८ मार्चला क्रू-९ मोहिमेच्या ड्रॅगन यानातून उतरल्या त्या मिशन स्पेशालिस्ट म्हणून. त्या यानाचे कमांडर होते निक हेग. एक बाई, एक प्रवास, चार हुद्दे. नावाआधी कॅपिटल सी लावून ‘कमांडर विल्यम्स’ असं संपूर्ण लेखभर छापलं, तर निम्म्याहून जास्त वाक्यं चुकतात. फोटोओळीत तारीख बघूनच हुद्दा लिहावा लागतो.

इथे आणखी एक गोची आहे आणि कुलाब्याच्या नेव्ही नगरमधल्या कुणालाही ती एका क्षणात दिसेल. विल्यम्स अमेरिकी नौदलातून निवृत्त झाल्या त्या कॅप्टन म्हणून. नौदलात कमांडर हा कॅप्टनच्या खालचा हुद्दा. म्हणजे आपण मोठ्या प्रेमाने कॅपिटल सी लावून ‘कमांडर विल्यम्स’ लिहितो तेव्हा नौदल जाणणारा वाचक त्यांना एक पायरी खाली वाचतो. मान द्यायला गेलो आणि पदावनती करून आलो! शुक्लांच्या बाबतीत ग्रुप कॅप्टन हा हवाई दलाचा हुद्दा, नौदलातल्या कॅप्टनच्या तोडीचा. तो नावाला चिकटलेला, म्हणून कॅपिटल. पायलट ही त्या मोहिमेतली जागा. ती मागून, स्मॉल. ‘मिशन पायलट ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला’ अशी रांग लावली की लग्नपत्रिकेतल्या ‘प्रेषक’ खालच्या नावांसारखं दिसतं. हुद्दा आधी, नाव मध्ये, भूमिका शेवटी, एवढा क्रम पाळला तर कॅपिटलचा निम्मा वाद उद्भवतच नाही.

पण आता आपल्या बाजूनेही बोलायला हवं, कारण इथला नियम वाटतो तितका निर्दोष नाही. राकेश शर्मा हवाई दलाचे वैमानिक, पण ३ एप्रिल १९८४ ला सोयुझ टी-११ मधून गेले ते रिसर्च कॉस्मोनॉट म्हणून. कमांडर युरी मालिशेव, फ्लाइट इंजिनिअर गेन्नादी स्त्रेकालोव्ह. कल्पना चावलांकडे विमान चालवायचे परवाने होते. कोलंबियाच्या २००३ च्या उड्डाणात मात्र पायलटच्या जागेवर विल्यम मॅक्कूल होते आणि चावला मिशन स्पेशालिस्ट. म्हणजे स्मॉल पीचा पायलट या दोघांनाही लागू, कॅपिटल पीचा दोघांपैकी एकालाही नाही. ते अक्षर खाली आणलं की हा फरक पुसला जातो. याहून मजेशीर अपोलो ११. बझ ऑल्ड्रिन यांचं पद लूनर मॉड्यूल पायलट, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानाचे पायलट, पण २० जुलै १९६९ ला यान चंद्रावर उतरवलं ते कमांडर नील आर्मस्ट्राँग यांनी. ऑल्ड्रिन उंची आणि वेगाचे आकडे मोठ्याने वाचत होते. हे पद म्हणजे खुर्चीचं नाव, कामाचं नव्हे. अशा ठिकाणी तिन्ही शब्द कॅपिटल असलेले मला तरी पटतात, आणि नासाच्या अंतर्गत कागदांवर ते तसे सर्रास दिसतातही. तेव्हा मुंबईकर लिहितो ते अगदीच अडाणीपणाचं आहे असं समजणाऱ्यांनी आधी आपल्या फायली चाळाव्यात. जर्मनांचं बरं आहे. त्यांच्याकडे नाम दिसलं की पहिलं अक्षर कॅपिटल, मग कमांडर असो की कांदा.

प्रत्यक्ष काम करताना सगळ्यात मोठं नुकसान ‘रिप्लेस ऑल’ करतं. पायलटचा पी सरसकट स्मॉल केला की वाक्याच्या सुरुवातीचा पीही पडतो, मथळ्यातलाही पडतो आणि ‘कमांड मॉड्यूल पायलट मायकेल कॉलिन्स’ अर्धा कॅपिटल अर्धा स्मॉल असा लटकतो. त्यापेक्षा पद शोधूच नका, आडनाव शोधा. विल्यम्स, विल्यम्स, विल्यम्स असं एकेक पाहत जा आणि प्रत्येक ठिकाणी डावीकडचा शब्द तपासा. डावीकडे थेट पद असेल तर विचार करा. मध्ये स्वल्पविराम असेल, किंवा पदाआधी ‘द’ किंवा मोहिमेचं नाव आलं असेल तर स्मॉल. दोन हजार शब्दांच्या लेखाला दहा मिनिटं पुरतात. त्यानंतर आडनाव नसलेली वाक्यं, ‘द कमांडर सेड’ छापाची, एकदा वाचून काढा. तिथे सी स्मॉल.

चुकीचा दुसरा उगम तक्ता. चालकदलाच्या तक्त्यात प्रत्येक रकान्याचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं, ते रकाना सुरू झाला म्हणून. तिथून उचलून परिच्छेदात चिकटवलं की तो कॅपिटल एमही पाठोपाठ येतो. तक्त्यातसुद्धा मिशनचा एम कॅपिटल आणि स्पेशालिस्टचा एस स्मॉल ठेवला तर निदान लक्षात तरी येतं.

तिसरा उगम लघुरूपं. कमांडरचं सीडीआर, पायलटचं पीएलटी ही तिन्ही अक्षरं कॅपिटल, म्हणून पूर्ण शब्दही कॅपिटल हवा असं वाटतं. ओटीपी आपण रोज वाचतो, म्हणून वन-टाइम पासवर्ड कॅपिटलमध्ये लिहीत नाही. स्पेसवॉकला इथे ईव्हीए म्हणतात, पण फोड करून ‘एक्स्ट्राव्हेइक्युलर ॲक्टिव्हिटी’ लिहिलं की सगळं स्मॉल.

मराठी डेस्कवरच्या मित्रमैत्रिणींसाठी एवढंच: इंग्रजी बातमीत सी स्मॉल दिसला म्हणून मराठीत ‘कमांडर होती’ करू नका. आणि ‘कमांडर विल्यम्स’ऐवजी ‘स्थानकाच्या तत्कालीन कमांडर विल्यम्स’ लिहिलंत, तर नौदलाचा घोळही मिटतो आणि तारखेचाही.